टमाटे मातीमोल भावात आहेत, घरच्या सामानात सॉस करून ठेवू या

गिरणाकाठ

परवाच्या आठवडी बाजारात दिवेलागणीला एक शेतकरी भाऊ टमाट्याचं अख्खं कॅरेट तिथेच ओतून जायला निघाले होते. "ताई, परत न्यायचं भाडंसुद्धा सुटणार नाही," म्हणाले. मी घासाघीस न करता त्यांच्या भावात वीस किलोचं कॅरेट घेतलं. पाच किलो शेजारी वाटले, पाच किलोचं घरात सार, चटणी, भाजी असं संपलं. उरलेल्या दहा किलोचा दोन दिवसांत सॉस केला. तो कसा केला ते सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षी माझा सगळा सॉस वाया गेला होता आणि तो का गेला हे आता मला कळलंय.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चार बाटल्या भरल्या होत्या. व्हिनेगर चवीपुरतं घातलं, बाटल्या धुऊन पुसून घेतल्या, मांडणीवर ठेवल्या. एप्रिलमध्ये एका दुपारी एका बाटलीचं झाकण फाडकन उडालं. बाकीच्या तिन्ही उघडल्या तर वर फेस आणि ताडीसारखा वास. सगळ्या मोरीत ओतल्या, फार वाईट वाटलं.

सॉस टिकतो तो आंबटपणा, साखर-मीठ, आटवून कमी केलेलं पाणी आणि उकळत्या गरम बाटल्या या चौघांच्या जोरावर. यातलं एक ढिलं पडलं तर बाकीचे सावरून घेत नाहीत. टमाट्यात 94-95 टक्के पाणीच असतं, म्हणून आटवण्याला पर्याय नाही. आणि टमाटा आपल्याला आंबट लागला तरी त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 4.3 ते 4.9 असतो. 4.6 च्या खाली असेल तर बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारे विषारी जिवाणू वाढत नाहीत, वर गेला तर बंद बाटलीत वाढू शकतात. म्हणजे टमाटा नेमका त्या रेषेवर बसलेला आहे. जितका जास्त पिकलेला, तितका कमी आंबट. "सॉसलाच तर घालायचेत" म्हणून आपण लिबलिबीत, डागाळलेले टमाटे घेतो, तिथेच पहिली चूक होते. लालभडक पण कडक फळ घ्यायचं.

माझं प्रमाण पाच किलो टमाट्यांचं आहे. यातून साधारण चार लिटर गाळलेला रस निघतो आणि शेवटी दीड ते पावणेदोन किलो सॉस उरतो. चार लिटर रसाला साखर 300 ग्रॅम, मीठ 40 ग्रॅम, कांदा 200 ग्रॅम, आलं 40 ग्रॅम, लसूण 20 ग्रॅम, लाल तिखट दोन चहाचे चमचे आणि व्हिनेगर 100 मिली. मसाल्याला दालचिनीचे दोन-तीन तुकडे, चमचाभर मिरे, चमचाभर जिरे, चार वेलदोडे, पाच-सहा लवंगा. व्हिनेगर सोडलं तर सगळं आपल्या डब्यांत असतंच.

टमाटे चिरले की लगेच पातेल्यात घालून मोठ्या आचेवर ठेवायचे. आधी मिक्सरमधून काढून रस तासभर ठेवला आणि मग शिजवला तर सॉस पातळ होतो, पाणी वेगळं सुटतं. टमाटा चिरडला की त्याच्यातलेच एन्झाइम पेक्टिन तोडायला लागतात. घट्टपणा त्या पेक्टिनमुळे असतो. पटकन तापवलं की एन्झाइम निकामी होतात आणि पेक्टिन वाचतं. मी एका वेळी किलोभर चिरते, ते पातेल्यात उकळू लागलं की पुढचे किलोभर टाकते.

मऊ झाले की पुरणाच्या चाळणीतून घोटून गाळायचे. पुरणयंत्र असेल तर फारच सोपं. रस परत आचेवर, त्यात एक तृतीयांश साखर सुरुवातीलाच, म्हणजे रंग चांगला धरतो. कांदा-आलं-लसूण ठेचून आणि मसाला भरडून मलमलच्या फडक्यात पोटली बांधायची, ती रसात सोडायची, मधूनमधून दाबायची. रस निम्म्याच्या खाली आला की पोटली पिळून काढायची, उरलेली साखर आणि तिखट घालायचं. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं तर लाल रंग फिका पडतो. व्हिनेगरही शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, कारण ते उडून जातं. गेल्या वर्षी मी ते सुरुवातीला घातलं होतं आणि दीड तास उकळलं! घरभर आंबट वास सुटला होता तेव्हाच समजायला हवं होतं.

झाला का हे बघायला ताटलीत थेंब टाकायचा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवा.

बाटल्या काचेच्याच घ्या. पंधरा मिनिटं पाण्यात उकळून, गरम असतानाच उकळता सॉस भरायचा, वर बोटभर जागा सोडायची. झाकण लावून, पातेल्यात तळाशी फडकं घालून, गरम पाण्यात अर्धा तास ठेवायच्या. थंड पाण्यात घालू नका, तडकतील.

---

अमळनेरी_सुगरण

ताई, फार नीट लिहिलंत. चिरल्याबरोबर तापवायचं हे माहीतच नव्हतं. मी नेहमी आदल्या रात्री मिक्सरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवायचे, मग सकाळी शिजवायचे. पाणी सुटलं की कॉर्नफ्लॉवर लावायचे.

रंगासाठी बीटची एक फोड घालते. ती चालेल ना?

---

गिरणाकाठ

लगेच संपवायचा असेल तर दोन्ही चालेल. टिकवायचा असेल तर दोन्ही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉर्नफ्लॉवरने सॉस घट्ट दिसतो पण पाणी आत तेवढंच राहतं, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं आत आहे आणि आपण मात्र आटलाय समजून गॅस बंद करतो. बीट टमाट्यापेक्षा पुष्कळच कमी आंबट असतं, ते घातलं की आपण ज्या आंबटपणावर विसंबलोय तोच पातळ होतो. फळ लाल घेतलं आणि मीठ शेवटी घातलं तर बीट लागत नाही.

---

धुळ्याचा_दीर

मी पहिल्यांदाच करणार आहे, बायको माहेरी गेलीय आणि मुलं रोज सॉस मागतात. दोन प्रश्न. घरात मोठं पातेलं नाही, मोठी लोखंडी कढई आहे, तिच्यात करू का? आणि साखरेऐवजी गूळ घालू का?

---

गिरणाकाठ

भाऊ, लोखंडी कढई नको. पितळेचं बिनकल्हईचं पातेलंही नको. टमाट्याचा आंबटपणा लोखंड ओढून घेतो आणि लवंग-दालचिनीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग झाला की सॉस काळा पडतो. कधीकधी बाटलीच्या मानेशी काळं कडं दिसतं ना, तेही यामुळेच, तिथे वरून हवाही लागते. लवंगेच्या डोक्यावरचं फूल काढून टाकायचं, त्यात टॅनिन जास्त. स्टीलचं पातेलं शेजारून आणा, शक्यतो जाड बुडाचं.

गूळ चालतो, चव छान येते, पण रंग तपकिरी होतो. मुलं रंग बघून नाक मुरडतील. पहिल्यांदा साखरच घाला. थोडा गुळाचा करून बघायचा असेल तर वेगळा करून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

एक सांभाळा, घट्ट व्हायला लागला की सॉस उसळून अंगावर येतो आणि फार भाजतो. लांब दांड्याचा डाव घ्या, वर मोठी चाळणी उपडी ठेवा, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

---

भुसावळ_जंक्शन

सगळीकडे "थंड, कोरड्या जागी ठेवा" असं लिहितात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, घरातली भिंतसुद्धा हाताला चटका देते. त्या दिवसांत आमच्या घरात थंड जागा म्हणजे फ्रीज आणि माठाखालची वाळू एवढीच. ताई, तुमच्या गेल्या वर्षीच्या बाटल्या आंबट कमी पडल्याने गेल्या हे खरं, पण एप्रिलच्या उन्हानेही हातभार लावला असणार. खान्देशात घरचा सॉस सरळ फ्रीजमध्ये ठेवावा. माझी आई तर छोट्या बाटल्या भरायची, म्हणजे एक उघडली की आठ-दहा दिवसांत संपते.

---

गिरणाकाठ

बरोबर आहे भाऊ. यंदा मी सगळ्या फ्रीजमध्येच ठेवल्यात आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावलीय. लहान बाटलीचं तर अगदी पटलं. शहाबादी फरशीवर ठेवलं की गार राहतं असं आमच्या घरात म्हणायचे, पण मे महिन्यात ती फरशीसुद्धा तापते.

---

जळगाव_गल्ली

सॉस टिकावा म्हणून घालतात त्या सोडियम बेंझोएटच्या पावडरीबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या मावशीने शिवणक्लासच्या बाजूच्या वर्गात फळप्रक्रिया शिकली होती, तिथे ते घालायला शिकवायचे. वाईट असतं का? किती घालायचं?

---

गिरणाकाठ

मी घालत नाही, पण घालणाऱ्याला चूक म्हणणार नाही. विकतच्या सॉसमध्ये कायद्याने एका किलोला 750 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. घरगुती कृतीत तयार सॉसच्या एका किलोला पाव ग्रॅम सांगतात. ते आंबट पदार्थातच काम करतं, म्हणजे बेंझोएट घातलं म्हणून व्हिनेगर कमी करता येत नाही.

खरी अडचण मोजण्याची आहे. पाव ग्रॅम चमच्याने मोजताच येत नाही. "चिमूटभर" म्हणाल तर कोणाची चिमूट? स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाव ग्रॅम दिसत नाही.

---

जळगाव_गल्ली

आमच्या गावात त्याचं उत्तर आहे! सोन्याचा काटा. ओळखीच्या सराफाकडे गेले, एकेका ग्रॅमच्या चार पुड्या करून घेतल्या. दादा हसले आधी, मग स्वतःच विचारायला लागले की सॉस कसा करतात. एक पुडी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून चार किलो तयार सॉसला. तुमच्या पाच किलो टमाट्यांच्या सॉसला मात्र अर्धी पुडीसुद्धा जास्तच होईल, हे लक्षात ठेवा सगळ्यांनी.

---

सातपुड्याची_सून

यावलकडून नमस्कार. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड गच्चीवर असतात, त्यातच एका बाजूला टमाट्याच्या चकत्या वाळत घालते. पातळ चकत्या, वर थोडं मीठ, खाली स्वच्छ सुती कापड, वर जाळी. आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात. रात्री घरात आणायच्या, नाहीतर ओल धरतात. मिक्सरला पूड करून बरणीत. सॉस पातळ वाटला की दोन चमचे पूड घालते. कॉर्नफ्लॉवरपेक्षा हे बरं, कारण यात टमाट्याशिवाय दुसरं काहीच नाही. शेवभाजीच्या रश्श्यातही घालते, पावसाळ्यात टमाटे महाग असतात तेव्हा तर फारच उपयोगी पडते. 2023 च्या जुलैत किलोला शंभराच्या वर भाव गेला होता तेव्हा त्या एका बरणीवर महिना काढला.

---

गिरणाकाठ

ही पूड मी यंदाच करणार. सूनबाई, धन्यवाद!

---

म्युनिकात_पाचोरेकर

मी मूळचा पाचोऱ्याचा, सध्या जर्मनीत शिकतो. इथे हिवाळ्यात ताजे टमाटे महाग आणि बेचव, पण 400 ग्रॅमचा सोललेल्या टमाट्यांचा डबा स्वस्तात मिळतो. मला बाटलीतला गोड सॉस नकोय, पास्त्यावर घालायचा साधा सॉस हवाय. घरात कांदा, लसूण, तेल, मीठ, साखर, आईने दिलेला ओवा आणि काळा मसाला एवढंच आहे. इटालियन लोक त्यात सुकी ओरेगानो घालतात, ती माझ्याकडे नाही.

---

अमळनेरी_सुगरण

अरे बाळा, ओवा आहे ना मग कसली काळजी! चिमूटभर ओवा चुरडून घाल. ओवा आणि ओरेगानो वेगवेगळ्या कुळातल्या वनस्पती आहेत, पण दोन्हींत थायमॉल आणि त्याच्यासारखीच सुगंधी द्रव्यं असतात, म्हणून वास जवळचा येतो. ओवा जास्त उग्र असतो, म्हणून अगदी थोडा.

दोन चमचे तेल मंद तापव, चार-पाच लसूणपाकळ्या ठेचून घाल, लाल होऊ देऊ नकोस, कडू होतात. डब्यातले टमाटे हाताने कुस्करून घाल, मीठ, चिमूटभर साखर. झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर, तेल कडेला सुटेपर्यंत. ओवा शेवटी. पास्ता उकडलेलं पाणी फेकू नकोस, अर्धी वाटी सॉसमध्ये घाल, त्यातल्या पिठामुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. आपण वरणफळं करतो तेव्हा फळांचं पीठ वरणात उतरून वरण कसं दाट होतं, तसंच.

काळा मसाला मात्र यात घालू नकोस. त्याची वेगळी भाजी कर.

---

म्युनिकात_पाचोरेकर

आजच केला, काकू. खूप छान झाला. वरणफळांचं लिहिलंत आणि घरची आठवण आली.

एक इथलं निरीक्षण सांगतो. आधी मी तुकडे केलेल्या टमाट्यांचे डबे आणायचो, ते कितीही शिजवा, तुकडे तसेच राहायचे. डब्यावर वाचलं तर त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, तुकडे कडक राहावेत म्हणून. अख्ख्या सोललेल्या टमाट्यांच्या माझ्या डब्यात ते नाही, म्हणून ते चटकन विरघळतात. सॉस करायचा तर अख्ख्यांचा डबा घ्यावा आणि मागची यादी वाचावी.

हा सॉस पण बाटलीत भरून महिनाभर ठेवता येईल का?

---

गिरणाकाठ

नको. तेल आणि लसूण असलेला, व्हिनेगर नसलेला सॉस बाहेर बंद बाटलीत ठेवणं धोक्याचं आहे. लसूण आंबट नाही आणि तेलाखाली हवा पोचत नाही, विषारी जिवाणूला नेमकं असंच लागतं. त्यात खराब झाल्याचा वासही येईलच असं नाही. फ्रीजमध्ये चार दिवस, किंवा डब्यांत घालून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने.

नुसता टमाट्याचा रस बाटलीत उकळून ठेवायचा असेल तर अर्ध्या लिटरला बाजारात मिळणाऱ्या बाटलीतल्या लिंबूरसाचा एक मोठा चमचा किंवा लिंबूसत्त्व पाव चहाचा चमचा घालतात. घरच्या लिंबाचा आंबटपणा लिंबागणिक बदलतो, म्हणून टिकवायला मोजका आंबटपणा घेतात.

---

रावेरचा_केळीवाला

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे केळी भरपूर, टमाटे विकत. केळीचा सॉस होतो का? हे डोक्यात आलं कारण घडातली लहान, डागाची केळी व्यापारी घेत नाही.

---

सातपुड्याची_सून

भाऊ, होतो! फिलिपिन्समध्ये केळीचा सॉस घरोघरी खातात. तिथे टमाटे कमी आणि केळी अमाप, म्हणून मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी तो बनवला असं मानतात. केळी, व्हिनेगर, साखर, मसाले, आणि लाल दिसावा म्हणून रंग. जळगाव जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मग आपण का करू नये?

पण केळी टमाट्याइतकी आंबट नसते, म्हणून तिथे व्हिनेगर जास्त लागणार. मी निम्मे टमाटे, निम्मी केळी असा वाटीभर केला होता, भज्यांबरोबर दोन दिवसांत संपला. टिकवायचा मी प्रयत्न केलेला नाही.

---

टमाटे_उत्पादक_पारोळा

धागा वाचून मन भरून आलं. मी टमाटे लावतो, तार-बांबू, मल्चिंग, ठिबक, सगळं करून. भाव पडला की मजुरीसुद्धा निघत नाही, मग तोडणीच सोडून देतो. आमच्या घरात यंदा एकच प्रश्न, "भाऊ, आते काय करवो?"

सॉससाठी फळ कसं घ्यावं ते सांगतो. बाजारात येणारी बहुतेक संकरित फळं जाड सालीची, कडक, लांबच्या गाडीत टिकावीत म्हणून निवडलेली असतात. त्यांच्यात गर जास्त, रस कमी, म्हणजे आटवायला गॅस कमी लागतो. पण आंबटपणा कमी. गावरान, चपटा, रेघांचा टमाटा आंबट असतो पण पाणी फार. मी म्हणेन तीन भाग संकरित, एक भाग गावरान. आणि शेतकऱ्याकडे थेट "बारीक माल" मागा. आकाराने लहान म्हणून व्यापारी बाजूला काढतो, फळ तेच असतं.

---

गिरणाकाठ

भाऊ, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला तीनास एक करून बघते. आणि बारीक माल घेणाऱ्यांनी भाव मात्र नीट द्यावा, आपण घरी करतोय म्हणून शेतकऱ्याने फुकट द्यावं असं नाही.

---

धुळ्याचा_दीर

केला! शेजारून स्टीलचं पातेलं आणलं. पाच किलो टमाटे, सकाळी नऊला सुरू, दुपारी दीडला बाटल्या भरल्या. पहिल्यांदा ताटलीत थेंब टाकला तर कडं सुटलं, अजून चाळीस मिनिटं आटवला. सहा लहान बाटल्या झाल्या. व्हिनेगर घालताना डोळ्यांत पाणी आलं, खिडकी उघडी ठेवा हे कृतीत लिहा ताई.

मुलांना आवडला, पण धाकटी म्हणते दुकानातला जास्त गोड असतो.

---

गिरणाकाठ

वा भाऊ! खिडकीचं लिहायचं राहिलंच. धाकटीसाठी पुढच्या वेळी साखर 350 ग्रॅम घ्या, व्हिनेगर तेवढंच. सहा बाटल्यांतली एक आत्ताच उघडा आणि पाच तशाच ठेवा. मोजून वीस दिवसांनी दुसरी उघडा, वास घ्या, फेस आहे का बघा आणि इथे येऊन सांगा.

---

धुळ्याचा_दीर

वीस दिवस झाले. दुसरी उघडली. फेस नाही, वास पहिल्या दिवसासारखाच, घट्टपणा तसाच. बायकोने माहेरून आल्यावर चव बघितली आणि पुढच्या बाजाराला दहा किलो आणायला सांगितलंय. पारोळ्याच्या भाऊंचं ऐकून बारीक मालच आणणार आहे.